पाचव्या इनिंगनंतरचा पाऊस

माणसाला हवामान आभाळाकडे पाहून कळत नाही, धावफलकाकडे पाहून कळतं. वेधशाळेला हे मान्य होणार नाही. पण वेधशाळेतल्या एखाद्याने अमेरिकेतल्या कुठल्याही हायस्कूलच्या बेसबॉल मैदानावर एप्रिलमधली एक संध्याकाळ काढून पाहावी. चौथी इनिंग चालू आहे, पश्चिमेकडून काळं आभाळ चढून येतंय, पहिला थेंब अजून पडायचाय. सहा-दोनने पुढे असलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला विचारा, "काय वाटतं?" तो म्हणेल, "काही नाही हो, दोन शिंतोडे येतील आणि जातील. खेळून घेऊ." मागे असलेल्याला विचारा. तो दोन्ही हात वर करून म्हणेल, "अहो, पोरांच्या जिवाशी खेळ आहे हा!" आता एक इनिंग पुढे चला. पाचवी संपली. धावा त्याच, ढग तेच. पहिला प्रशिक्षक आता पोरांच्या जिवाच्या काळजीने व्याकूळ झालेला असतो आणि दुसऱ्याला पश्चिमेकडे निळी पट्टी स्वच्छ दिसू लागलेली असते. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत आभाळात काहीच घडलेलं नसतं. घडलेलं असतं ते नियमपुस्तकात.

बेसबॉल ज्यांनी फक्त सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडायला हवा. (तसा प्रस्तुत लेखकही बेसबॉल क्रिकेटच्याच चष्म्यातून पाहतो आणि कॅचरला अधूनमधून यष्टिरक्षक म्हणतो.) व्यावसायिक सामना नऊ इनिंगचा, हायस्कूलचा सातचा. देशभरच्या शाळांसाठी नियम छापते ती 'नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स' ही संस्था. राज्यं त्यात आपापलं मीठ-तिखट घालतात. या नियमांप्रमाणे पाच इनिंग झाल्या, किंवा यजमान संघ पुढे असेल तर साडेचारच झाल्या, की मग पावसाने सामना बंद पडला तरी तो पुरा झाला असं धरतात. त्याच्या आत बंद पडला तर झालं गेलं गंगेला मिळालं. राज्याने तशी सोय ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी थांबला तिथून पुढे. डकवर्थ नाही, लुईस नाही, सुधारित लक्ष्य नाही. रेषेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे सगळं. अशी रेष आखल्यावर माणसं काय करतात ते चौथ्या इनिंगमध्ये पाहण्यासारखं असतं. मागे पडलेल्या संघाच्या पिचरच्या बुटाची नाडी सुटते. ती बांधून होते तोवर कॅचरच्या पायावरचं पॅड निसटतं. मग प्रशिक्षक डगआउटमधून निघतो आणि पिचरशी सल्लामसलत करायला असा काही चालत जातो की आळंदीहून निघालेली दिंडी त्याच्याआधी पंढरपूरला पोहोचावी. पुढे असलेल्या संघाला उलट आपली बॅटिंग उरकायची घाई. त्यांचा बॅटर डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवरही बॅट फिरवतो, बाद होतो आणि हसत परत येतो. त्याचे सहकारी त्याची पाठ थोपटतात. नियमपुस्तकाला हे सगळं ठाऊक आहे. सामना लांबवण्याच्या किंवा आटोपता घेण्याच्या युक्त्या जो संघ सोडत नाही, त्याचा सामना काढून प्रतिस्पर्ध्याला बहाल करता येतो, असं कलम त्यात आहे. फक्त नाडी सुटली होती की सोडली होती, हे पंचाने कसं ओळखावं, याबद्दल पुस्तक गप्प आहे.

तेव्हा हवामानामुळे खेळ थांबवणं हा मुळात हवामानाचा प्रश्नच नाही. मैदानावरच्या प्रत्येकाचा आभाळाशी काही ना काही व्यवहार अडकलेला असतो, आणि अशा ठिकाणी पंचाकडून हुशारीची अपेक्षा करणं हीच चूक आहे. त्याने ठरवून, नियमाने, घड्याळ लावून मठ्ठ व्हायला हवं. हायस्कूलचे चांगले पंच नेमकं हेच करतात आणि त्याबद्दलच बोलणी खातात. सोयीप्रमाणे आभाळ वाचण्याचा हा स्वभाव अमेरिकन आहे असं समजून कुणी सुखावू नये. क्रिकेटमध्ये अंधूक प्रकाश झाला की २०१० पर्यंत पंच फलंदाजांनाच विचारायचे, खेळता की जाता? ज्याला सामना वाचवायचाय त्या फलंदाजाला सूर्यावरून एक ढग गेला तरी समोरचं दिसेनासं व्हायचं, आणि ज्याला जिंकायला चाळीसच धावा हव्यात त्याला मिणमिणत्या उजेडात चेंडूची शिवणसुद्धा मोजता यायची. शेवटी आयसीसीने फलंदाजांना विचारणंच बंद केलं. डिसेंबर २००० मधली कराची कसोटी तर या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे. शेवटच्या संध्याकाळी इंग्लंड विजयाच्या दारात, सूर्य कलता, आणि पाकिस्तानचा कर्णधार मोईन खान याला प्रत्येक चेंडूआधी क्षेत्ररचनेचा सखोल विचार करावासा वाटू लागलेला. मग त्याने पंच स्टीव्ह बकनर यांच्याकडे उजेड नसल्याची तक्रार केली. बकनर ढिम्म हलले नाहीत. इंग्लंडने विजयी धाव घेतली तेव्हा चेंडू कुठे गेला हे पाहणाऱ्यांनाही धड सांगता येत नव्हतं. उजेड खरोखरच गेला होता, यात शंका नाही. पण तो कोणाचा गेला होता आणि कोणाचा नाही, हे धावफलक सांगत होता.

आता हे सगळं मान्य करणाऱ्या नियमकर्त्यांनी हायस्कूल बेसबॉलमध्ये एक कलम असं ठेवलंय की वाचणाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा वाचावं. सामना सुरू होण्यापूर्वी मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे ठरवतो यजमान संघाचा प्रशिक्षक. पहिला चेंडू पडला की मग सत्ता पंचांची. म्हणजे ज्याचा सामन्यात सर्वांत जास्त जीव गुंतलाय त्याच्या हाती मृगाचा अंदाज. २०१७ च्या हंगामापासून प्रत्येक राज्याला पिचरच्या चेंडूंची मर्यादा आणि त्यानंतरची सक्तीची विश्रांती ठरवावी लागते, आणि तेव्हापासून मैदानाच्या ओलीचा संबंध पावसाइतकाच पिचरच्या खांद्याशी आहे. हुकमी पिचर परवाच नव्वद चेंडू टाकून विश्रांतीवर असेल, तर प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा राहून मान हलवतो. "पाय ठेवला की रुततोय. नको, पोरं घसरतील." तोच पिचर ताजातवाना असेल, तर त्याच चिखलावर प्रशिक्षक सकाळपासून राबतोय: हातात फावडं, सोबत भाजलेल्या मातीच्या खड्यांची पोती, पाठीवर पाचोळा उडवायचं यंत्र, आणि तिसऱ्या बेसजवळच्या डबक्यात स्पंज बुचकळून बादलीत पिळणारे दोन-तीन पालक. या उत्साहाला मर्यादा नसते हे २०१९ च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाने दाखवून दिलं. ओलं मैदान सामन्याआधी वाळवायचं म्हणून तिथल्या मंडळींनी त्यावर वीस-पंचवीस गॅलन पेट्रोल, म्हणजे ऐंशी-नव्वद लिटरचा ऐवज, ओतला आणि काडी लावली. पाणी गेलं की नाही हा प्रश्न मागेच पडला. मैदान बंद झालं आणि पेट्रोल मुरलेली माती उपसायची पाळी आली. कुणी म्हणेल, हे अपवाद झाले. असतील. पण मैदान वाळलंय की नाही याचा निकाल ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती काडेपेटीही असू नये, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

पहिला चेंडू पडतो आणि मग पंच रंगमंचावर येतात. हायस्कूलच्या साध्या सामन्याला ते दोनच असतात. एक होम प्लेटच्या मागे मुखवटा घालून, दुसरा बेसवर. त्यांना खोली वगैरे नसते. गाडीची डिकी उघडी टाकून पार्किंगमध्येच कपडे बदलायचे, छातीवर पॅड, नडगीवर कवच, वरून निळा शर्ट. या शर्टावरून त्यांना सगळे 'ब्लू' म्हणतात, आणि त्या एका हाकेत आदरापासून धमकीपर्यंत काहीही बसवता येतं. प्लेटमागच्या पंचाच्या डाव्या तळहातात एक चिमुकलं मोजणीयंत्र असतं: तीन-चार चाकं, बॉल किती, स्ट्राइक किती, बाद किती. गडगडाट झाला की तो हात वर करतो, दोन्ही संघांना आत पिटाळतो, मनगटावरचं घड्याळ पाहतो आणि बेसवरच्या सहकाऱ्याला विचारतो, "पाच बेचाळीस?" "पाच बेचाळीस." मग चाकांवरचा हिशेब, कोण कुठल्या बेसवर, बॅटर कोण, हे ओलसर कार्डावर टिपून घेतो. फेडरेशनची मार्गदर्शक सूचना सरळ आहे: गडगडाट ऐकू आला किंवा जमिनीकडे येणारी वीज दिसली की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटापासून किमान तीस मिनिटं पुन्हा सुरू नाही. मध्ये आणखी एक झाला की घड्याळ परत शून्यावर. यात कुणाच्या बुद्धीला वाव नाही, आणि म्हणूनच हे कलम पुस्तकातलं सर्वांत शहाणं कलम आहे. पण वाव नसलेल्या ठिकाणी बुद्धी चालवणं हा आपल्या सर्वांचा आवडता उद्योग. एकोणतिसाव्या मिनिटाला क्षितिजापलीकडे काहीतरी गुरगुरतं.

"ब्लू, तो ट्रक होता!"

"असेल, कोच. सहा अकरापासून तीस मिनिटं."

"अहो, हायवेवरचा ट्रक! मी रोज ऐकतो."

"ट्रक चमकलाही होता, कोच."

या कलमावर पहिला आक्षेप नेहमीचा आणि वरकरणी बिनतोड असतो: डोक्यावर निळं आभाळ आहे, ऊन पडलंय, पक्षी गाताहेत, मग माणसाने जरा तारतम्य वापरावं की नाही? तारतम्य ही फार चांगली चीज आहे, पण वीज तिच्यासाठी थांबत नाही. वादळाच्या ढगापासून पंधरा-सोळा किलोमीटर दूर, स्वच्छ आभाळाखालीही ती पडू शकते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीज चमकल्यावर तीस सेकंदांनी गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरवर पडली. आणि पुढची कुठे पडेल हे तिने अजून कुणाला कळवलेलं नाही. शिवाय बेसबॉलचं मैदान विजेसाठी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखंच असतं: उघडा माळ, उंच खांब, सगळीकडे तारेच्या जाळीचं कुंपण, लोखंडी पायऱ्यांची गॅलरी आणि हातात अॅल्युमिनियमची बॅट घेतलेली पोरं. डगआउटला छप्पर असतं म्हणून पोरं तिथे घुसतात. पण समोरून उघडं डगआउट विजेपासून आडोसा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद टपाची गाडी, बस्स. अमेरिकेच्या हवामान खात्याने यासाठी यमक जुळवून घोषवाक्यही केलंय: गडगडलं की घरात जा. ते लहान मुलांना पाठ असतं आणि पालकांना फक्त आपला संघ हरत असताना आठवतं.

मुंबईकराला हे सगळं नाजूकपणाचं वाटण्याची शक्यता आहे. आमच्याकडे कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते, आझाद मैदानावर घोट्याएवढ्या गवतात आणि चिखलात, आणि तुम्ही गुरगुरण्याला घाबरता? आक्षेप रास्त आहे, पण हे दोन पाऊस वेगवेगळ्या घराण्यांतले. जुलैतला मुंबईचा पाऊस दिवसदिवस कोसळतो, पण बहुतेक मुकाट्याने. कडकडाटाचं खातं आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसाकडे आहे. अमेरिकेच्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत हायस्कूल बेसबॉलचा अख्खा हंगामच वळवाचा असतो: दुपारी ऊन, चारला ढग, पाचला धडाडधूम, आणि सामना साडेचारचा. आपल्याकडेही वळवात कांगा लीग ठेवली असती, तर डॉ. कांगांच्या नावाशेजारी एखाद्या विमा कंपनीचंही नाव आलं असतं.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. प्रत्येकाच्या खिशात रडार असताना हे घड्याळ कशाला? छत्री न्यावी की नाही हे समोरच्या बसथांब्यावरच्या लोकांच्या हाताकडे पाहून ठरवणाऱ्या लेखकाला या तंत्रज्ञानाचा आदरच आहे. पण मैदानावर ते कसं चालतं ते पाहावं. गॅलरीतल्या शंभर पालकांकडे शंभर फोन, त्यावर दहा-बारा निरनिराळी अॅप्स, आणि त्या अॅप्समधल्या ढगांना पक्षनिष्ठा असते. पाहुण्या संघाच्या वडिलांच्या पडद्यावर लाल पट्टा थेट मैदानावर आलेला. यजमान आईच्या पडद्यावर तोच पट्टा उत्तरेला वळून शेजारच्या तालुक्यात गेलेला. दोघंही फोन जाळीला लावून पंचाला दाखवतात. "ब्लू, हे बघा, अकरा मिनिटांत मोकळं!" "ब्लू, हे बघा, रात्रभर आहे!" कोणीही खोटं बोलत नसतं. एकाने बोटाने चित्र मोठं केलंय, दुसऱ्याने लहान, आणि आपल्याला सोयीची चौकट सापडली की बोट आपोआप थांबतं. या गोंधळात पंच दोन्ही फोनांकडे विनयाने पाहतो, "छान आहे हो," म्हणतो आणि जाऊन आपल्या गाडीत बसतो. काचा वर. वाट पाहण्याच्या काळात पंचांनी प्रेक्षकांपासून लांब राहावं ही जुनी शिकवण आहे, आणि बंद टपाची गाडी विजेप्रमाणेच पालकांपासूनही चांगलं संरक्षण देते.

तिसरा आक्षेप मात्र झणझणीत आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. पंच तरी कुठले तटस्थ? त्यांचं मानधन सामन्यामागे ठरलेलं, तासामागे नाही. दोन तास गाडीत बसले तरी तेवढंच, पाच इनिंगांत आटोपलं तरी तेवढंच. घरी जेवण थंड होतंय, उद्या नोकरी आहे, आणि सामना अर्धवट राहिला तर ऐंशी किलोमीटर परत यायचंय. म्हणजे आभाळाशी व्यवहार त्यांचाही आहे. अगदी खरं. चौथ्या इनिंगमध्ये पंचांची स्ट्राइकची चौकट ढगांच्या वेगाने रुंदावत जाते अशी कुजबुज दोन्ही डगआउटमधून ऐकू येते, आणि ती निव्वळ कुजबुज असेल असं छातीठोकपणे सांगणं कठीण आहे. पण म्हणूनच तर तीस मिनिटांचं कलम! ते प्रशिक्षकाला जेवढं बांधतं तेवढंच पंचाच्या पोटातल्या भुकेलाही बांधतं. शहाणपण पंचांवर सोपवलं असतं, तर त्यातल्या काहींना सहा वाजता भूक लागली की गडगडाट ऐकू आला असता, आणि जेवूनखाऊन आलेल्यांना शेजारी झाड कोसळलं तरी नसता. राहता राहिला साधा पाऊस, ज्यात वीज नाही, घड्याळ नाही, आणि जिथे खरोखरच पंचाच्या बुद्धीवर सगळं येऊन पडतं. किती ओलं म्हणजे फार ओलं, हे पुस्तक सांगत नाही. पंच पिचरचा पुढचा पाय कुठे पडतो ते पाहतो. तो घसरायला लागला, चेंडू बोटांतून निसटायला लागला की बंद; कारण साडेअठरा मीटरवरून ताशी सव्वाशे किलोमीटरने येणारा ओला चेंडू प्लेटपर्यंतच जाईल याची हमी नसते, आणि प्लेटच्या शेजारी एक सोळा वर्षांचा मुलगा उभा असतो. ही पंचाची खरी परीक्षा. आणि गंमत म्हणजे इथेच कुणी त्याच्याशी फारसा वाद घालत नाही, कारण तोवर सगळेच भिजलेले असतात आणि पालकांचं लक्ष हॉट डॉगच्या टपरीखाली जागा मिळवण्याकडे असतं.

वरच्या पातळीवर, जिथे पैसा आणि कॅमेरे आहेत, तिथे माणसं अधिक निःपक्ष होतात असं वाटत असेल, तर पुरावा उलटा आहे. नॉर्मन रॉकवेलने २३ एप्रिल १९४९ च्या 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठासाठी काढलेलं चित्र याच विषयाचं आहे. ब्रुकलिनचं मैदान, सहावी इनिंग, पाहुणे पिट्सबर्ग एक-शून्यने पुढे, आणि तीन धिप्पाड पंच माना वर करून आभाळाकडे पाहताहेत; मधल्याने तळहात पुढे केलाय. पाठीमागे दोन्ही संघांची माणसं एकमेकांना आपापलं हवामानशास्त्र समजावून सांगताहेत. ते चित्र आज कूपर्सटाऊनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे, आणि तीन पंचांच्या चेहऱ्यांवर जे आहे त्याला चिंतन म्हणतात की कंटाळा, हे ज्याचं त्याने ठरवावं. २००८ ची वर्ल्ड सिरीज घ्या. पाचवा सामना, फिलाडेल्फिया, २७ ऑक्टोबर. यजमान मालिकेत तीन-एकने आणि सामन्यात दोन-एकने पुढे. पाऊस इतका की बेसांच्या मधल्या वाटेवर डबकी साचली, चेंडू पाण्यात थबकू लागला, तरी खेळ चालूच. सहाव्या इनिंगमध्ये टँपा बेने एक धाव काढून बरोबरी केली, आणि बरोबर त्या क्षणापासून पाऊस असह्य झाला. सामना थांबवला, उरलेला २९ तारखेला खेळवून फिलाडेल्फियाने चार-तीनने जिंकला. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बड सेलिग यांनी सांगितलं की विश्वविजेतेपद पावसाने ठरू द्यायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. हेतू उत्तमच. पण बरोबरी होईपर्यंत डबक्यांतून धावणाऱ्या खेळाडूंना विचारलं असतं, तर त्यांनी आधी हवामानाची नव्हे, धावफलकाची माहिती दिली असती. आणि पावसापेक्षा पावसाची तयारी जास्त घातक ठरू शकते हेही याच वरच्या पातळीने दाखवलंय. १९८५ मध्ये सेंट लुईसच्या व्हिन्स कोलमनने पदार्पणाच्याच हंगामात ११० बेस चोरले. त्याला पळताना पकडणं कुणाला जमेना. १३ ऑक्टोबरला मैदान झाकण्यासाठी आपोआप उलगडत येणाऱ्या ताडपत्रीच्या यंत्राने त्याला पकडलं. पाय आत सापडला आणि त्या वर्षीचं त्याचं खेळणं संपलं. ताडपत्री काही पळत नव्हती.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत तर्कशुद्ध आहे. जर शहाणपण घड्याळातच असेल, तर माणूस कशाला? बऱ्याच शाळांनी वीज ओळखणारी यंत्रं बसवलीच आहेत. धोका दिसला की भोंगा वाजतो, ओसरला की वेगळा वाजतो. पंचाची गरज काय? गरज अशी की भोंग्याशी भांडता येत नाही. भोंगा वाजल्यावर प्रशिक्षक आधी भोंग्याकडे पाहतो, मग आभाळाकडे, मग भोंगा बसवणाऱ्या शाळेच्या इमारतीकडे, आणि शेवटी पार्किंगमधल्या त्या दोन गाड्यांकडे चालायला लागतो. माणसाला राग आला की चेहरा लागतो. फेडरेशनच्याच आकड्यांप्रमाणे २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सगळ्या खेळांचे मिळून सुमारे ५० हजार हायस्कूल पंच हे काम सोडून गेले. उरलेल्यांना आपण नक्की कशाचे पैसे घेतो याची पुरती जाणीव असणार. आणि तरीही माणसांना घड्याळ पाळताच येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच मैदानावर, त्याच संध्याकाळी, पाहुण्या संघाच्या पिवळ्या बसजवळ एक गृहस्थ उभा असतो. त्याला कोण पुढे आहे ते माहीत नाही, पाचवी इनिंग झाली की नाही याचं सोयरसुतक नाही, आणि गडगडाट ट्रकचा की ढगाचा यावर त्याचं मत नाही. प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, पालक, सगळे पाळीपाळीने त्याच्याकडे जातात आणि हळू आवाजात विचारतात, "अजून थोडं थांबता येईल का हो?"

"गाडी सव्वाआठला निघेल."

त्याला कुणीही रडार दाखवत नाही.